मोकळ्या हातांचा पाहुणा

चंद्रप्रभाबाई फोन पाहत असल्या की त्यांचा चेहरा कसा दिसतो, हे यज्ञेशला आता तोंडपाठ झालं होतं. भुवया किंचित वर चढलेल्या, ओठ अर्धवट उघडे, सगळं अंग स्वस्थ आणि उजव्या हाताचा अंगठा तेवढा खालून वर, खालून वर चाललेला. कुणा परक्या बाईनं आपल्या स्वयंपाकघरातले डबे कसे मांडलेत ते पाहण्यात सकाळ जायची, कुणाच्या तरी लग्नातल्या विहिणींचे नाच पाहण्यात दुपार जायची, आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की तिथंच पाटावर बसून पुन्हा फोन उघडला जायचा. अण्णा गेल्यावर आई एकटी पडेल म्हणून सोलापूरला दिलेल्या लेकीनं, शिवांजलीनं, मोठ्या हौसेनं तो फोन आणून दिला होता. आई आता एकटी नव्हती हे खरं. पण तिच्यासोबत त्या घरात जो राहत होता, तो मात्र पुरता एकटा पडला होता.

वडील गेल्यानंतर यज्ञेशनं पुण्यातलं बिऱ्हाड मोडलं आणि तुळजापूरला आईजवळ राहायला आला. वय चाळिशीला टेकलेलं, लग्नाचं राहून गेलेलं, आणि काम असं की लॅपटॉप उघडला की कुठूनही करता यावं. येताना त्याच्या मनात होतं की आपण आईला सोबत करू, तिच्या हातचे धपाटे खाऊ, दुपारी चहा पिता पिता ती गल्लीतल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या सांगेल आणि आपण कंटाळल्यासारखं दाखवत सगळं ऐकून घेऊ. प्रत्यक्षात जेवताना तो काही विचारायचा आणि ती "हं" म्हणायची. घटकाभरानं तोच प्रश्न पुन्हा विचारला तरी तेवढंच "हं" यायचं. त्याला फार काही नको होतं. आईनं मान वर करावी, आपल्याकडे पाहावं आणि दोन वाक्यं बोलावीत, एवढ्यासाठी तो जीव टाकत होता.

घराला एके काळी माणसांची सवय होती. अण्णा शाळेत शिक्षक असले तरी घराणं पुजाऱ्याचं, त्यामुळे देवीच्या दर्शनाला येणारी ठरलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या याच घरी उतरायची. त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि चंद्रप्रभाबाईंची निम्मी हयात त्या माणसांचं चहापाणी, नैवेद्य आणि अंथरुणं-पांघरुणं बघण्यात गेली होती. मग गावात लॉज झाले, फोनवरून खोल्या मिळू लागल्या, आणि एकेक कुटुंब येईनासं झालं. वरच्या खोल्यांत आता गाद्यांचे ढीग आणि शिवांजलीच्या जुन्या वह्या-पुस्तकांची खोकी होती, आणि त्यातल्याच एका खोलीत खिडकीपाशी टेबल टाकून यज्ञेश काम करायचा.

काम कसलं, तर लोकांना फोनमधून बाहेर काढायचं. तो आणि त्याचा पुण्यातला मित्र रणधीर मिळून एक ॲप तयार करत होते. नाव ठेवलं होतं ‘सावकाश’. बाजारात अशी ॲपं पोत्यानं होती, पण ती सगळी मास्तरांच्या जातीची: कुणी फोनला कुलूप घालायचं, कुणी आज तुम्ही किती वेळ वाया घालवला ते तोंडावर फेकायचं, कुणी शाबासकीची चांदणी द्यायचं. या दोघांचं म्हणणं असं की माणूस आधीच थकलेला असतो, थकल्यामुळेच तो फोनमध्ये जाऊन पडतो. त्याला आणखी रागावून काय होणार? त्याला हळूच, मायेनं, त्याची लाज न काढता वर आणलं पाहिजे. हे सगळं यज्ञेश रणधीरला फोनवर तासन्‌तास समजावून सांगायचा, आणि तोवर खाली त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

चाचणीसाठी आईइतकं सोयीचं माणूस दुसरं नव्हतं. आधी त्यानं बराच वेळ झाला की पडद्यावरचा उजेड हलके हलके कमी होईल अशी सोय केली. चंद्रप्रभाबाईंनी डोळे तपासायला न्यायचा हट्ट धरला. मग देवळातल्या घंटेचा मंद नाद ठेवून पाहिला. नाद झाला की त्या फोन कपाळाला लावून नमस्कार करायच्या आणि पुढचा व्हिडिओ लावायच्या. बासरी झाली, पाण्याचा आवाज झाला, पाखरं झाली. पाखरांच्या वेळी त्यांनी उठून गॅलरीत धान्य टाकलं, हे त्यातल्या त्यात यश म्हणायचं; पण धान्य टाकताना दुसऱ्या हातात फोन होताच.

हिवाळ्यातली गोष्ट. यज्ञेशचा घसा धरला होता, अंगात कणकण होती. दुपारी तो पाणी घ्यायला खाली आला, आईच्या खोलीच्या दारात त्याला घशात खवखवलं, आणि तो सहज, हलकेच खाकरला. चंद्रप्रभाबाईंनी पाठमोऱ्याच असताना फोन उपडा घातला, पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि त्या पलंगाच्या कडेला सरकून ताठ बसल्या. हे सगळं एका श्वासात झालं. मग वळून पाहिलं, दारात यज्ञेश दिसला, आणि "तू आहेस होय," म्हणून पुन्हा फोन उचलला.

यज्ञेश दारातच खिळला. ही खोड त्यानं लहानपणी हजारदा पाहिली होती. बाप्या माणसानं एकदम आत शिरायचं नाही, बाहेर थांबून खाकरायचं. आतल्या बाईला सावरायला तेवढा अवधी द्यायचा. कुणी कुणाला काही शिकवलेलं नसतं, कुणी कुणावर रागावत नाही, आणि तरी ते ऐकलं की हातातलं काम आपोआप बाजूला ठेवलं जातं. इतके दिवस आपण जे शोधत होतो ते आपल्याच घशात होतं, हे लक्षात येऊन त्याला त्या तापल्या अंगानं हसू आलं. त्याच दुपारी त्यानं वरच्या खोलीचं दार लावून आपलं खाकरणं पाच-सहा प्रकारांनी रेकॉर्ड केलं आणि त्यातलं सगळ्यात हळू, सगळ्यात अदबशीर निवडलं. बराच वेळ फोन चालला की ते एकदाच वाजायचं, बस. रणधीर आधी पोट धरून हसला. मग त्यानं आपल्या आईवर प्रयोग केला, आणि संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो हसत नव्हता. "अरे, जादू आहे ही," एवढंच म्हणाला.

पुढचे काही दिवस यज्ञेशला फार सुखाचे गेले. आई फोन ठेवायची, उठायची, चहा टाकायची. एका सकाळी तिनं न सांगता शेंगदाण्याची चटणी कुटली. एका दुपारी ती जिना चढून वर त्याच्या खोलीत आली, गाद्यांच्या ढिगावर टेकली आणि बराच वेळ बसून राहिली. तो तेव्हा रणधीरशी बोलत होता. ‘सावकाश’ आता गावाकडच्या बायकांना देऊन पाहायचं, धाराशिवजवळ बेंबळीला वैष्णवी नावाची बचत गट चालवणारी एक हुशार बाई आहे, तिच्याशी बोलणं झालंय, असं सगळं चाललं होतं. त्यानं आईला हातानंच ‘थांब, झालंच’ अशी खूण केली. बोलणं संपवून त्यानं वळून पाहिलं तेव्हा गाद्यांवर बसल्याचा खळगा तेवढा राहिला होता.

नेमकं केव्हा ते त्याला नंतर आठवेना, पण त्याच सुमारास कधीतरी दारापाशी पाण्याचा तांब्या दिसू लागला. घासून लख्ख केलेला, वर भांडं उपडं घातलेलं. त्याला वाटलं, म्हातारपणी जुन्या सवयी वर येतात. मग एके दिवशी बाहेरून आत येताना त्याला चौकट ओकीबोकी वाटली. दसऱ्यापासून लटकणारं मण्यांचं तोरण कुणीतरी काढून खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं होतं. आई पाटावर शेंगा निवडत बसली होती. फोन कुठं दिसत नव्हता.

"तोरण का काढलंस?" त्यानं विचारलं.

"त्यांच्या डोक्याला लागतं."

"कुणाच्या?"

चंद्रप्रभाबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. "ते अजून आतच आले नाहीत, तर नाव कसं विचारू?" त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी अगदी रोजच्या सुरात सांगितलं.

त्यानं शिवांजलीला फोन लावला. त्याच्या मनानं एक सोयीचा अर्थ लावून ठेवला होता: आईला अण्णा आल्यासारखं वाटत असणार, बाप-लेकांचे आवाज सारखेच असतात, दुःख असंच काहीबाही करून जातं, फार तर डॉक्टरला दाखवू. शिवांजलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की अण्णा कधी खाकरत होते? ते गल्लीच्या तोंडापासूनच नावं घेत, हाका मारत घरात शिरायचे, त्यावरून आजी त्यांना बोल लावायची, हे तू विसरलास कसा? खाकरायचे ते दर्शनाला आलेले लोक. परका माणूस उंबऱ्याबाहेर थांबायचा, खाकरायचा, आणि आई आतून "या" म्हणायची. आधी पाणी, मग नावगाव. आईच्या हातून एकही माणूस कधी दारातून परत गेला नाही, असं ती थोड्या अभिमानानं म्हणाली, आणि मग तिच्या मुलांची काहीतरी भांडणं लागली म्हणून तिनं फोन ठेवला.

बेंबळीला तो मोटारसायकलवर गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती, ऊन कोवळं होतं, पण त्याला नुसता शीण आला होता. घरात आणि कामात मिळून गेले कित्येक दिवस तो धड झोपला नव्हता. वैष्णवीनं बायकांना मथुराबाईंच्या ओसरीवर जमवलं होतं. त्यांच्या फोनांत ‘सावकाश’ घालून आता बरेच दिवस झाले होते, आणि कुणाला काय वाटलं ते ऐकायला तो आला होता. मथुराबाई साठीच्या, शेतात राबून वाळलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांचे मालक बलभीमतात्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते, आणि पहिली तक्रार त्यांचीच आली. त्यांचं म्हणणं असं की आपण जन्मभर या दारात खाकरत आलो, कुणी ढिम्म हललं नाही. आणि आता फोन खाकरला की ही बाई उभी राहते, हा कुठला न्याय? बायका खळखळून हसल्या. यज्ञेशही हसला आणि फोनमध्ये त्यानं तेवढं टिपून घेतलं.

फायदा सगळ्यांनाच झाला होता. कुणाचं दूध उतू जायचं थांबलं होतं, कुणी सुनेशी बोलायला लागली होती. ऐकता ऐकता यज्ञेशची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली. दारावरचा साडीचा पडदा वर उचलून, गुंडाळून, खिळ्याला बांधून टाकला होता.

"पडदा का बांधलाय, मावशी?" त्यानं विचारलं.

"उंच हाय न्हवं त्यो," मथुराबाई म्हणाल्या. "तोंडावर यील त्येच्या."

बायकांतली एकही हसली नाही. दोघी-तिघींनी मान हलवली, ओळखीच्या माणसाचा विषय निघावा तशी. यज्ञेशनं घसा साफ करायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मग त्यानं विचारलं की तुम्ही त्याला पाहिलंय का. मथुराबाईंना तो प्रश्नच खुळ्यासारखा वाटला असावा. पाहायला कशाला लागतं, दारात माणूस उभा असला की आतल्या माणसाला कळतंच, असं त्या म्हणाल्या.

"पण तो आवाज फोनचा आहे, मावशी. मीच भरलाय तो."

"असंल की. पर फोन तर मांडीवर असतुया. आवाज वरनं येतो." त्यांनी हात उचलून चौकटीच्या वरच्या लाकडाकडे बोट दाखवलं. "लई शिस्तीचा माणूस हाय. इतक्या येळा खाकारला, पर बोलावल्याबिगर आत येत न्हाय. घाई म्हून न्हाय त्येला. आन्‌ हात मोकळं असत्यात त्येचं." एवढं बोलून त्यांनी यज्ञेशच्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात कीव आल्यासारखी वाटली. "तुमी आल्यापास्नं त्यातच बघताय, दादा. च्या निवला तुमचा."

घरी परतल्यावर तो कपडेही न बदलता वर गेला आणि लॅपटॉप उघडून त्यानं खाकरण्याचा आवाज सगळ्यांच्या फोनांतून काढून टाकला. आईच्या, बेंबळीच्या बायकांच्या, रणधीरच्या आईच्यासुद्धा. रणधीर चिडला. इतकं चांगलं चाललेलं असताना हे काय खूळ, म्हणाला. यज्ञेशनं आवाजात काहीतरी दोष आहे असं सांगितलं. काय दोष आहे ते सांगता येईना, तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.

पण खाली काहीच बदललं नाही. आईचा फोन देवघराच्या फळीवर, बॅटरी उतरून, केव्हाचा मेलेला पडला होता. तिला त्याची गरज राहिली नव्हती. ती दिवसभर हलक्या अंगानं वावरायची, मधूनच काम थांबवायची, दाराच्या दिशेनं मान कलती करायची, पदर नीट करायची, पलंगाच्या कडेला सरकून बसायची. सरकायची म्हणजे शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा करायची. यज्ञेश त्या जागेवर जाऊन बसला तर ती आणखी थोडी सरकायची. तिच्या डोळ्यांत आता फोन पाहतानाची ती झापड नव्हती. चांगले जागे, लकाकणारे डोळे होते, अण्णा असतानाचे, आणि ते यज्ञेशच्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहत असायचे. आपल्या आईला आपण एका ठिकाणाहून ओढून काढलं आणि भलत्याच ठिकाणी नेऊन सोडलं, असं त्याला वाटे, आणि रडू यायचं. रडायलासुद्धा अंगात ताकद लागते, ती नव्हती.

शेवटी त्यानं ठरवलं की हे सगळं राहू दे. आपण नुसतं आईजवळ बसायचं. मध्ये फोन नको, काम नको. तिला हात धरून सांगायचं की दारात कुणी नाही, आणि कुणी असलंच तर त्याला बोलवू नकोस, मी आहे ना. इतकी साधी गोष्ट आपण आजवर का केली नाही याचं त्याला नवल वाटलं. दिवेलागणीला तो खाली आला. आईनं देवापुढे दिवा लावला होता. तो तिच्या समोर, जमिनीवर मांडी घालून बसला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

तो काही बोलणार तोच खिशातला फोन थरथरला. वैष्णवीचा होता. बेंबळीच्या बायकांचं आवाज बंद झाल्यावर काय झालं, हे तिला विचारायला त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि तेवढं कळलं की मग फोन लांब ठेवायचा असं मनाशी म्हणत त्यानं तो उचलला. वैष्णवीचा आवाज तुटत होता. बायका मजेत आहेत, आवाज बंद झालाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं काहीसं ती सांगत होती. चंद्रप्रभाबाई मध्येच काही विचारत होत्या. यज्ञेशनं एका कानावर हात ठेवला, आईकडे पाहून "हं, हं" म्हणत मान हलवली, आणि आवाज नीट यावा म्हणून उठून बाहेर गल्लीत आला.

गल्लीत उतारावर जरा पुढे, विजेच्या खांबापाशी, नेटवर्क चांगलं येई. तिथं वैष्णवीचा आवाज स्वच्छ आला. ती म्हणाली की मथुराबाईंनी परवा शेवटी त्याला "या" म्हटलं.

"कुणाला?" यज्ञेशनं विचारलं, विचारायचं म्हणून.

"ते न्हाय का, दारातले," वैष्णवी म्हणाली. "तवापासनं मावशी लई खुशीत हायेत, सर. फोनकडं ढुंकूनसुद्धा बघत न्हाईत. फकस्त बलभीमतात्या तेवढे बाहेर ओट्यावरच झोपत्यात आता. आत अवघडल्यावानी होतंय म्हनं. परक्याच्या घरात शिरल्यावानी."

यज्ञेश खांबाला टेकला. वैष्णवी पुढेही बोलत होती, आणखी गावांतल्या बायका विचारतायत, तिची जळकोटची बहीणही मागतेय, पण ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याच्यापर्यंत आता, उशिरा, दुसरंच एक वाक्य येऊन पोचत होतं. मघाशी तो कानावर हात ठेवून उठत होता तेव्हा आईनं त्याच्या बाहीला धरून काय विचारलं होतं, ते. आईचं म्हणणं इतकं सरळ होतं. या घरात आता कर्ता माणूस तोच, म्हणून तिनं रीतसर त्याची परवानगी मागितली होती. "मग बोलावू का रे त्यांना आत? किती दिवस उभं ठेवायचं?" आणि तो हं म्हणाला होता. एकदा नव्हे, दोनदा, मान हलवून.

तो धावत चढ चढला. घराचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं, आत दिवा होता, चहाचा वास गल्लीपर्यंत आला होता. आई हसत होती. अण्णा गेल्यापासून त्यानं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. ती बोलत होती, भरभरून, लांबण लावून. गल्लीतल्या कुणाचं काय झालं, वरच्या खोल्यांना गळती कशी लागली, यज्ञेश लहानपणी कसा जेवायला त्रास द्यायचा. मध्येच ती थांबायची, समोरचा माणूस काही म्हणत असावा एवढा वेळ थांबायची, आणि पुन्हा हसून पुढे बोलायची. ज्यासाठी तो पुणं सोडून आला होता, ते सगळं आत चाललं होतं.

त्यानं उंबऱ्यापाशी येऊन पाऊल उचललं, आणि ते आत पडेना. भीती वाटली असती तर तो शिरला असता. त्याला संकोच वाटला. आतली माणसं आपापल्या गप्पांत रमलेली, आपण अवेळी आलेले, न विचारता एकदम कसं शिरायचं, असा अगदी साधा, आतड्यातून आलेला संकोच. आपलं घर आहे हे, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं बोलल्यासारखं वाटलं. काही वेळ तो तसाच चौकटीबाहेर, एका पायावर भार टाकून उभा राहिला, आणि मग दुसरं काहीच सुचेना म्हणून हलकेच खाकरला.

आतलं बोलणं थांबलं. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, बघता का जरा?" चंद्रप्रभाबाई आत कुणालातरी म्हणाल्या. "दारात कुणीतरी आलंय."

कुणीतरी पलंगावरून उठलं. यज्ञेशनं हातातला फोन घाईघाईनं खिशात ठेवला, सदरा खाली ओढून सरळ केला, आणि आतल्या माणसाला बाहेर यायला जागा व्हावी म्हणून तो दारापासून थोडा बाजूला सरकून उभा राहिला.